लढाईचा पिच्चर आणि खानदेशचा ओटा

२०२५ च्या फेब्रुवारीत दोन आठवड्यांच्या अंतराने दोन हिंदी चित्रपट लागले आणि ते खानदेशच्या दोन टोकांना जाऊन भिडले. १४ फेब्रुवारीला लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ आला. त्याची सुरुवातच बऱ्हाणपूरच्या स्वारीने होते. २८ फेब्रुवारीला रीमा कागतींचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आला. तो मालेगावच्या शेख नासिर यांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या खऱ्या गोष्टीवर बेतलेला. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, मालेगाव नाशिक जिल्ह्यात. पण फारुकी सुलतानांच्या काळापासून मोगलांपर्यंत खानदेशचा कारभार चालला तो बऱ्हाणपुरातून, आणि १८६९ मध्ये नाशिकचा वेगळा जिल्हा होईपर्यंत मालेगावही खानदेशातच मोडत होते. जळगाव-धुळ्याच्या माणसाला ही दोन्ही गावे परकी वाटत नाहीत. भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी सावदा, निंभोरा, रावेर मागे टाकते आणि पुढे बऱ्हाणपूर येते. धुळ्याहून नाशिकच्या वाटेवर मालेगाव ओलांडावेच लागते.

मार्चच्या सुरुवातीला बऱ्हाणपुराजवळच्या असीरगड गावातून बातमी आली. रात्रीच्या वेळी माणसांचे थवे शेतात उतरून जमीन खणत होते. हातात बॅटऱ्या आणि मोबाईल, कोणाकडे कुदळ, कोणाकडे चाळणी, काहींनी तर मेटल डिटेक्टर आणलेले. महामार्गाच्या कामातून निघालेली माती तिथे टाकली होती आणि तिच्यात जुनी नाणी सापडल्याची कुजबुज आधीपासून होती. ‘छावा’ने त्या कुजबुजीला पंख दिले. मोगलांचा खजिना बऱ्हाणपुरात होता हे पडद्यावर दिसले. मग तो जमिनीतही असलाच पाहिजे, असा हिशेब लोकांनी केला. अखेर पोलिसांना तिथे बंदोबस्त ठेवावा लागला.

चित्रपट खरा मानण्याची ही टोकाची तऱ्हा झाली. त्यामागचा प्रश्न मात्र जुना आहे. लढाईचा पिच्चर पाहून बाहेर पडलेला माणूस ओट्यावर, पारावर, एसटी स्टँडवरच्या चहाच्या गाडीवर हा प्रश्न विचारतोच: हे खरंच असं झालं होतं का? धुळ्याकडे अहिराणीत ‘पिच्चर कसा शे?’ एवढ्यानेच बोलणे सुरू होते. चांगला की वाईट, हे दोन वाक्यांत उरकते. लढाईचा पिच्चर असेल तर खऱ्या-खोट्याचा वाद तासभर चालतो. या वादाला खानदेशात मोठा इतिहास आहे आणि तो मांडण्यासारखा आहे, कारण इथल्या प्रेक्षकाकडे मोजपट्ट्या आहेत. लढाया इथे झाल्या आहेत, बंदुकीच्या गोळ्या इथे तयार होतात आणि जवान इथून सीमेवर जातात.

आधी बऱ्हाणपूरचेच पाहू.

१६८१ चा जानेवारी. रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. जानेवारीच्या अखेरीस मराठ्यांची फौज अचानक बऱ्हाणपुरावर येऊन धडकली. या स्वारीचे नेतृत्व सरनोबत हंबीरराव मोहिते यांच्याकडे होते, असे बहुतेक इतिहासकार मानतात. बऱ्हाणपूर म्हणजे दक्षिणेचे दार. उत्तरेतून येणारा माल, पैसा आणि फौज याच दाराने खाली उतरायची. तटाबाहेर व्यापाऱ्यांचे पुरे वसलेले होते आणि त्यांत बहादरपुरा सर्वांत श्रीमंत. सराफांच्या पेढ्या, कापडाच्या वखारी, जडजवाहीर, सगळे तटाच्या बाहेर. मराठ्यांनी घाव घातला तो नेमका तिथे. बहादरपुऱ्यासह सतरा-अठरा पुरे लुटले गेले, आगी लागल्या, आणि हे तीन दिवस चालले. शहरात त्या वेळी जिझिया वसूल करणारा काकरखान होता. त्याच्याजवळ मूठभर स्वार. त्याने दरवाजे लावून घेतले आणि तट सांभाळला. म्हणजे शहराच्या आत फौज शिरलीच नाही. तसे करण्याचे तिला कारणही नव्हते.

पडद्यावर जे दिसते ते वेगळे आहे. तिथे राजे स्वतः आघाडीला आहेत, हातघाईची लढाई आहे आणि सिंहाशी झुंज आहे. चित्रपटाला नायक लागतो, त्याला पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाच्या छातीत घर करायचे असते. ती गरज समजण्यासारखी आहे. पण खाफीखानाच्या फारसी तवारिखेत जो थरार आहे तो खानदेशच्या माणसाला जास्त ओळखीचा वाटेल. कारण तो वाटेचा थरार आहे.

लुटीची बातमी औरंगाबादेत मोगल सुभेदार खानजहान बहादुराला कळली. तो धावत निघाला आणि अजिंठ्याच्या घाटाखाली फर्दापूरला आला. इथे दोन वाटा फुटत होत्या. डावीकडे धरणगाव, चोपडा. उजवीकडे एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर. लूट लादून परतणारी फौज चोपड्याच्या अंगाने बागलाणातल्या साल्हेर किल्ल्याकडे निघाली होती. खान डावीकडे वळता तर ती त्याला आडवी सापडती. तो उजवीकडे एदलाबादला गेला, आणि मराठे लुटीसह साल्हेरला सुखरूप पोचले. खानाने पैसे खाल्ले असा लोकांचा संशय होता, तोही खाफीखानाने नोंदवून ठेवला आहे. तो बादशाही बाजूचा लेखक; मराठ्यांविषयी त्याची भाषा कडवट आहे आणि त्याचे लिखाणही बऱ्याच वर्षांनंतरचे. तरीही फर्दापूरच्या त्या फाट्याबद्दल त्याने खोटे सांगावे असे काही कारण दिसत नाही.

चोपडा, धरणगाव, एदलाबाद. जळगाव जिल्ह्याच्या एसटीच्या पाट्यांवरची ही नावे. मराठी राज्याची एक मोठी मोहीम या नावांवर तोलली गेली होती आणि ती वाट पडद्यावर मात्र येत नाही. वाटा माहीत असणे, शत्रूच्या हालचालीचा अंदाज, ओझे लादलेल्या जनावरांचा वेग, परतीचा किल्ला आधीच ठरवून ठेवणे, ही त्या काळच्या युद्धाची खरी कला होती. शिवछत्रपतींच्या वेळीही फौजा याच मुलखातून फिरल्या होत्या. इंग्रजांची वखार धरणगावात होती आणि १६७५ मध्ये ती लुटली गेली. तलवारीची लढाई काही घटकांची असते, दौड महिनोन्‌महिन्यांची. ‘छावा’वर वाद बरेच झाले. प्रदर्शनापूर्वी लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आले आणि ते दृश्य काढले गेले; शिर्के घराण्याच्या चित्रणावर त्यांच्या वंशजांनी हरकत घेतली. हे वाद मानाचे होते, आणि मानाचा प्रश्न लहान नसतो. मात्र फौज आली कुठून आणि गेली कुठून, हे विचारणारे फारसे कोणी निघाले नाहीत.

बऱ्हाणपूरच्या लुटीचा एक परिणाम मात्र विसरून चालणार नाही. शहरातल्या मौलवींनी आणि प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला लिहून कळवले, की आमचे जीव आणि आमची मत्ता सुरक्षित नाही. असेच चालले तर शुक्रवारची नमाज बंद करावी लागेल. बादशहाच्या धर्मनिष्ठेवरच बोट ठेवणारी ही तक्रार होती. त्याचा मुलगा शहजादा अकबर बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला आला होता, तेही कारण घडले. १६८१ च्या नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात दाखल झाला. त्यानंतरची पंचवीस वर्षे तो दक्षिणेतच होता आणि दक्षिणेतच मेला.

लढाईच्या गोष्टी पडद्यावर येण्याआधी खानदेशात त्या पोवाड्यांतून आणि तमाशाच्या वगांतून ऐकल्या जात. सिनेमा आला तोही त्याच जागेवर, जत्रेत. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, कोथळी-मेहूणची मुक्ताईची यात्रा, अमळनेरची संत सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा. कापूस विकून हातात पैसा आलेला असे, रब्बीची कामे उरकत आलेली असत. तमाशाच्या फडाशेजारी तंबू-टॉकीजचा तंबू लागे. भोंग्यावरून दिवसभर गाणी आणि जाहिरात, अंधार पडला की पहिला खेळ. माणसे मातीत बसत. गर्दी झाली तर पडद्याच्या मागच्या बाजूलाही बसत. तिथे सगळे उलटे दिसे, नायक डाव्या हाताने तलवार चालवताना दिसे.

तंबूत बहुधा एकच प्रोजेक्टर असे. त्यामुळे प्रत्येक रिळानंतर खेळ थांबे, दिवे लागत आणि तेवढ्या वेळात बोलणे सुरू होई. आता काय होईल, त्याने असे का केले, हे खोटे वाटते, ते खरे वाटते. खानदेशातली सिनेमाची चर्चा अशी सिनेमा संपण्यापूर्वीच सुरू होत असे. गावी परतल्यावर ज्याने पिच्चर पाहिला त्याच्यावर तो सांगण्याची जबाबदारी येई. उन्हाळ्यात धाब्याच्या घराच्या माथ्यावर अंथरुणे पडलेली असत आणि सांगणारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी स्टोरी सांगे, गाणी कुठे येतात ते सांगे, मारामारी तोंडाने वाजवून दाखवी. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी तो चित्रपट कधीच पाहिला नाही. तरी त्यांचे त्याविषयी ठाम मत असे. चांगला सांगणारा आवश्यक तिथे भर घालत असे, हे सर्वांना माहीत होते.

पुढे शहरांत पक्क्या टॉकीज झाल्या. धुळ्यातली स्वस्तिक आणि मनोहर, जळगावातली राजकमल आणि नटवर ही नावे तर पत्ता सांगण्यासाठी वापरली जाऊ लागली. बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेला माणूस खरेदी उरकून तीनच्या खेळाला बसे आणि शेवटची एसटी गाठे. त्या एसटीत मत ठरे.

मालेगावात मत मांडण्याची आणखी पुढची पायरी गाठली गेली. हे यंत्रमागाचे गाव, शुक्रवार सुट्टीचा, टॉकीज भरलेल्या. शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवत. चित्रपटाबद्दल आपल्याला काय वाटते हे त्यांनी बोलून दाखवले नाही. त्यांनी मित्रांना घेऊन तोच चित्रपट पुन्हा, आपल्या गावात, आपल्या माणसांत काढला. २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्याच्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये केलेला ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट जगभर दाखवला गेला. नायक यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. सायकलवर बसवलेला कॅमेरा, बैलगाडीची केलेली क्रेन. हॉलिवूडचा महामानव मालेगावच्या गल्लीत आणला की त्याला कोणत्या अडचणी येतील, याचे हे प्रामाणिक उत्तर होते. खऱ्या-खोट्याची इतकी प्रेमळ परीक्षा कोणत्याही समीक्षकाने घेतलेली नाही. त्याच गावात पडद्यावरच्या वीराविषयीचे प्रेम धोकादायकही होते. १२ नोव्हेंबर २०२३ ला ‘टायगर ३’ चालू असताना मोहन टॉकीजमध्ये प्रेक्षकांनी आतच फटाके फोडले आणि लोकांना जीव वाचवत पळावे लागले.

लढाईच्या आधुनिक पिच्चरची कहाणी वेगळी आहे आणि जळगाव जिल्ह्याचा तिच्याशी एक थेट धागा आहे. भुसावळचा आयुध निर्माणी कारखाना १९४९ पासूनचा. शेजारच्या वरणगावचा कारखाना १९६४ मध्ये, म्हणजे चीनच्या युद्धानंतर दोन वर्षांत उभा राहिला. वरणगावात बंदुकांच्या गोळ्या तयार होतात, ७.६२ आणि ५.५६ मिलिमीटरच्या. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या, कारखान्यांच्या पाट्या बदलल्या. काम तेच राहिले. या परिसरातली हजारो घरे या दोन कारखान्यांच्या पगारावर उभी आहेत.

त्याच १९६४ मध्ये चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ आला. लडाखमध्ये, लष्कराच्या मदतीने चित्रित केलेला. १९६२ च्या पराभवाची जखम ताजी होती. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते आणि ती गोष्ट प्रत्येक मराठी घरात अभिमानाने सांगितली जात होती. ‘हकीकत’मध्ये गोळ्या संपतात. थंडीने माणसे आखडतात. मदत येत नाही. हिंदी चित्रपटात नायक हरतो आणि बर्फात मरतो, हे लोकांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले. त्या चित्रपटात गाणी आहेत, प्रेमकथा आहे, तिचा काही भाग आज ओढूनताणून आणलेला वाटतो. तरी खंदकातले दृश्य खरे वाटते, कारण मूळ घटना तशीच होती. १८ नोव्हेंबर १९६२ ला रेझांग ला खिंडीत १३ कुमाऊंची एक कंपनी मेजर शैतान सिंह यांच्यासह जवळजवळ सगळी कामी आली. पुढच्या वर्षी बर्फ ओसरू लागल्यावर अनेकांचे देह खंदकात, शस्त्रे हातात धरलेल्या स्थितीत सापडले. जवानांच्या हाती तेव्हा पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफल होती, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणारी.

गोळ्यांचा हिशेब ही लढाईच्या चित्रपटाची सर्वांत सोपी कसोटी. १९७१ मध्ये आपल्या पायदळाची मुख्य रायफल होती ७.६२ ची एसएलआर. तिच्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या. नंतर आलेल्या इन्सासच्या मॅगझिनमध्येही २० च. मॅगझिन बदलायला क्षणभर लागतो, भरलेल्या मॅगझिनचे वजन अंगावर वागवावे लागते आणि भराभर झाडल्या तर वीस गोळ्या थोड्याच वेळात संपतात. चित्रपटातला वीर मिनिटभर सलग गोळ्या झाडतो तेव्हा वरणगावच्या प्रेक्षकाला ते खटकणे स्वाभाविक आहे. प्रत्येक गोळीमागे पितळेची पुंगळी, दारूचे मोजमाप, तपासणी आणि कोणाची तरी पाळी असते.

जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ १३ जून १९९७ ला लागला. खानदेशातल्या एका पिढीसाठी लढाईचा पिच्चर म्हणजे हाच. लोंगेवालाची लढाई ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्रीची. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याकडे २३ पंजाबची एक कंपनी, साधारण १२० माणसे. समोरून पाकिस्तानी रणगाड्यांची रांग. जैसलमेरच्या तळावरच्या हंटर विमानांना रात्री उडून मारा करण्याची सोय नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत तग धरायचा. हा गाभा चित्रपटाने नीट पकडला आहे, आणि ती रात्रभराची वाट पाहणी हीच त्याची ताकद आहे. बदल केला आहे तो मृत्यूंमध्ये. पडद्यावर एकामागून एक ओळखीचे चेहरे धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात त्या कंपनीचे दोन जवान गेले. सुनील शेट्टींनी साकारलेले भैरोसिंह पडद्यावर रणगाड्यापुढे प्राण देतात. सीमा सुरक्षा दलाचे खरे भैरोसिंह राठोड मात्र जगले, त्यांना सेना पदक मिळाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला त्यांचे निधन झाले. आपले मरण चित्रपटात पाहून पंचवीस वर्षे जगलेला हा सैनिक. त्याला खरा न्याय त्याच्या जगण्यात होता. प्रेक्षकाला रडवण्यासाठी ते जगणे काढून घ्यावे लागले, हे ‘बॉर्डर’वर प्रेम करणाऱ्यानेही मान्य करायला हवे.

मराठी माणसाने काढलेला ‘प्रहार’ या रांगेत वेगळा उठून दिसतो. १९९१ च्या या चित्रपटासाठी नाना पाटेकर मराठा लाइट इन्फंट्रीत प्रत्यक्ष प्रशिक्षण घेऊन आले आणि पहिला अर्धा भाग त्यांनी त्या प्रशिक्षणावरच खर्च केला. लढाई थोडी, घाम फार. चिखल, दोर, ओझे, पुन्हा पुन्हा तेच. धुळ्या-जळगावच्या मैदानांवर पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना तो भाग आजही आपला वाटतो, कारण त्यांच्या वाट्याला लष्कर येते ते आधी याच रूपात.

आता धुळे जिल्ह्याचीच एक गोष्ट. १८ सप्टेंबर २०१६ ला उरीच्या तळावर हल्ला झाला. २८ आणि २९ सप्टेंबरच्या रात्री भारतीय जवानांनी नियंत्रणरेषा ओलांडून कारवाई केली. त्यावर आदित्य धर यांचा ‘उरी’ ११ जानेवारी २०१९ ला आला, सर्बियात चित्रित झालेला. त्यातला नायक विकी कौशल हाच पुढे ‘छावा’मध्ये संभाजीराजे झाला. धुळे-जळगावात ‘उरी’ गाजला, पोरांनी त्यातले संवाद पाठ केले. पण २९ सप्टेंबर २०१६ ही तारीख धुळे तालुक्यातल्या बोरविहीर गावाला दुसऱ्याच कारणासाठी पाठ होती. राष्ट्रीय रायफल्समध्ये असलेला गावचा एक तरुण जवान त्याच दिवशी नियंत्रणरेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडला. रात्रीच्या कारवाईशी त्याचा संबंध नव्हता. तो चुकून पलीकडे गेला असे लष्कराने सांगितले. बातमीच्या धक्क्याने त्याच्या आजीने प्राण सोडले. ज्या आजीने त्याला वाढवले होते, तीच ती.

मग जवळजवळ चार महिने गावाने वाट पाहिली. धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते. ते पाठपुरावा करत राहिले. २१ जानेवारी २०१७ ला अटारी-वाघा सीमेवर जवान परत मिळाला. ‘उरी’त एकही कमांडो दगावत नाही, सगळे परत येतात. ते कारवाईच्या अधिकृत माहितीला धरूनच आहे, त्यात खोटे काही नाही. पण त्याच पहाटेपासून सुरू झालेले बोरविहीरचे चार महिने, रिकामा ओटा, टीव्हीसमोर बसलेली माणसे, दिल्लीला जाणारे फोन, हाही त्या युद्धाचाच भाग होता. तो दाखवायला स्फोट लागत नाहीत, धीर लागतो. एखाद्या दिग्दर्शकाने तो दाखवावा.

आणि खानदेशात घडलेली अशी एक लढाई आहे, जिच्यावर चित्रपट निघायला हवा होता आणि निघालेला नाही. शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे थाळनेर. फारुकी घराण्याची पहिली राजधानी, त्यांच्या कबरी तिथे आहेत. लता मंगेशकरांचे आजोळही तेच. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत शहीद जवानांसाठी त्यांनी कवी प्रदीपांचे गाणे गायले तेव्हा पंडित नेहरूंचे डोळे पाणावले, हे सर्वांना ठाऊक आहे. थाळनेरचे शहीद फार थोड्यांना ठाऊक आहेत.

महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहाने खानदेश इंग्रजांकडे गेला. तहात थाळनेरचा किल्लाही सोडायचा होता. २७ फेब्रुवारीला सर टॉमस हिस्लॉप फौज घेऊन किल्ल्यापुढे आला. किल्लेदार तुळशीराम मामाने किल्ला दिला नाही, आतून गोळीबार झाला. तोफा लागल्या, बाहेरचे दरवाजे पडले, किल्लेदार बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आत शिबंदी होती, बहुतेक अरब. शेवटच्या दरवाजाच्या दिंडीपाशी मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर काही माणसांसह आत शिरले. शरणागतीच्या अटी काय, जीव वाचणार की नाही, हे अरबांना कळले नाही. एकमेकांची भाषा एकमेकांना येत नव्हती. दिंडीत झटापट झाली, दोन्ही अधिकारी मारले गेले. त्यानंतर इंग्रजी फौजेने आतली सुमारे तीनशे माणसे कापून काढली आणि हिस्लॉपने किल्लेदाराला फासावर चढवले. तो तर झटापटीआधीच त्यांच्या ताब्यात होता.

ही बातमी लंडनला पोचली आणि तिथे तिच्यावर मते मांडली गेली. १८१९ च्या मार्चमध्ये पार्लमेंटपुढे मराठ्यांविरुद्धच्या विजयाबद्दल सेनापतींचे आभार मानण्याचा ठराव आला. शरण आलेल्या किल्लेदाराला फाशी का दिली, असा प्रश्न सभासदांनी विचारला. हिस्लॉपच्या खुलाशाने समाधान झाले नाही. शेवटी आभार मानले ते रणांगणावरच्या कामगिरीचे, आणि थाळनेरच्या फाशीला ही संमती समजू नये, असे ठरावातच नमूद करून घेतले. विजयी देशाच्या सभागृहात, आपल्याच सेनापतीविषयी.

या दिवसावर पिच्चर काढायचा तर सिंह लागणार नाही, हजारोंची फौज लागणार नाही. एक दिंडी, दोन भाषा, एक दुभाषा नसलेला अर्धा तास आणि तापीचा काठ पुरेल. अरबांचे शब्द अरबीतच असावेत, इंग्रजांचे इंग्रजीत, आणि किल्लेदाराने मराठी बोलावे. खाली भाषांतर देऊ नये, म्हणजे दिंडीतल्या माणसांना जितके कळले तितकेच प्रेक्षकाला कळेल. पहिला खेळ मात्र शिरपूरला लावावा. खेळ सुटल्यावर थाळनेरची माणसे दरवाजा कोणत्या अंगाला होता, तोफा नदीच्या कोणत्या बाजूने लागल्या, यावर दिग्दर्शकाला धरून बसवतील, आणि त्याने शेवटची एसटी जाईपर्यंत त्यांना उत्तरे द्यावीत.